बाबांची टाच

११ जानेवारी

आज दिवसभर लोकांचे तीळ पुसले. एका मुलीला हनुवटीवरचा तीळ नको होता, आणि तिच्या आईला तो हवाच होता. "तो आमच्या घराण्याचा आहे," म्हणे. दोघी माझ्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत भांडत राहिल्या. शेवटी दोन प्रती दिल्या, एक तिळासकट आणि एक तिळाशिवाय. स्टुडिओ सुरू करताना वाटलं होतं, आपण माणसांचे चेहरे टिपू. प्रत्यक्षात आपण खोडरबर आहोत.

घरी आले तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पाय स्टुलावर, तोंड पेपरामागे. म्हणजे मला सासरे दिसलेच नाहीत, दोन तळवे दिसले. उजव्या टाचेच्या कडेला काळं काहीतरी होतं. मला वाटलं डांबर. तरणतलावावर पोरांना शिकवायला हा माणूस सकाळपासून अनवाणी फिरतो, काय काय चिकटत असेल.

"बाबा, टाचेला काहीतरी लागलंय."

पेपर हलला नाही. पाय मात्र स्टुलावरून खाली गेले.

"लागलेलं नाही. जुनं आहे ते."

जुनं असेल. सासऱ्यांचे तळवे निरखायची मला तरी कुठे सवय आहे?

१३ जानेवारी

ते डांबर नाही.

दुपारी जेवायला घरी आले तर ते दिवाणावर पालथे झोपलेले. चोरासारखी जवळ जाऊन पाहिलं. शर्टाच्या बटणाएवढा डाग. एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला पार काळा, आणि कडा शाई पसरल्यासारखी. फोटोतले डाग पुसणं हाच माझा धंदा झालाय, त्यामुळे एवढं कळतं की साधा तीळ कडेला सरळ संपतो. हा संपतच नाही.

मग फोनवर शोधलं. शोधायला नको होतं. तिळाचे दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेडीवाकडी असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग, पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा आकार आणि, सगळ्यात महत्त्वाचं, तो बदलत जाणं. ही कर्करोगाची लक्षणं असू शकतात. आमच्यासारख्या सावळ्या माणसांत तो उन्हाने भाजलेल्या जागी नाही, तर तळपायावर, तळहातावर, नखाखाली निघतो म्हणे. म्हणजे जिथे कोणी बघत नाही तिथेच.

बदलतोय की नाही, ते ज्याची टाच आहे तोच सांगू शकेल. आणि तो सांगतो, जुनं आहे.

१६ जानेवारी

जहाजावरून नवऱ्याचा फोन आला. आवाज तुटत होता तरी सगळं नीट सांगितलं.

"अगं, त्यांचे पाय आधीपासूनच तसे आहेत."

"तू शेवटचे कधी पाहिलेस?"

"मी काय बाबांचे पाय बघत बसतो का?"

"मी पण नव्हते बघत. दिसला म्हणून सांगतेय."

"बरं, त्यांना जास्त पिडू नकोस. आईच्या वेळेपासून दवाखाना म्हटलं की बिथरतात ते."

मग लाइन गेली. हा माणूस हजारो मैलांवरून मला सांगणार की त्याच्या बापाशी कसं वागायचं! सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. लग्नाच्या आधीच त्या गेल्या, खूप दिवस इस्पितळात होत्या एवढंच माहीत आहे. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि मी विचारत नाही.

१९ जानेवारी

आज सरळ विचारलं. "बाबा, मला त्या डागाचा एक फोटो काढू द्या. महिन्याभराने दुसरा काढू. सारखाच दिसला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"टाचेचा फोटो? तुझ्या स्टुडिओत गिऱ्हाइकं कमी पडली का?"

आणि उठून गेले. आता घरात मोजे घालून फिरतात. थंडीचा पत्ता नसताना! ज्या माणसाला लग्नकार्यात बूट घालायचे तरी जिवावर येतं, तो घरात लोकरीचे मोजे घालून बसलाय. निव्वळ मला चिडवायला.  बोलले असते तर भांडी आपटली असती.

२५ जानेवारी

शेवटी तडजोड झाली. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरला दाखवतो, पुढे एक शब्द नाही." मी बरोबर गेलेच.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठता दुरून पाहिलं. "अनवाणी चालता ना? कुरूप आहे." आणि कुरूप घालवायची पट्टी लिहून दिली. मी म्हटलं, "पण कुरूप काळं कसं असेल? आणि दोन रंगांचं?" ते म्हणाले, "आत रक्त साकळलं असेल." पुढचा पेशंट आत येऊन उभाही राहिला होता.

बाहेर पडल्यावर बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. रस्ताभर मला कुरपाचे प्रकार समजावत होते. मी पण स्वतःला समजावलं की बाई, तू फोटोवाली आहेस, तो डॉक्टर आहे.

तरी माझं समाधान झालेलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मीच भांडखोर ठरते.

६ फेब्रुवारी

पट्टी लावून काही होत नाही. वरची कातडी सोलून निघते, डाग तिथेच. मोज्यांमुळे मला नीट दिसत नाही. कसं चाललंय विचारलं की "झकास".

आणि बाबांना हल्ली नवीनच खूळ लागलंय. मला घर शिकवायचं! आज मला गच्चीवर नेऊन टाकीचा कोणता कॉक कुठे जातो ते दाखवलं. मग पंप सुरू करताना आधी काय बघायचं. मग फ्यूज. मग किल्ल्यांचा जुडगा काढून प्रत्येक किल्लीला रंगीत दोरा बांधला आणि माझी परीक्षा घेतली. दिवसभर स्टुडिओत उभी राहून माझे पाय मोडलेत आणि हे विचारतात, "पिवळा दोरा कशाचा?"

"बाबा, हे सगळं तुम्ही बघताच की! मला कशाला?"

"तुला यायला हवं."

"आणि तुमच्या मुलाला?"

"तो जहाजावर असतो."

मी वैतागून म्हटलं, माळ्याच्या किल्लीचा. पिवळा दोरा मीटरच्या खोलीचा होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१५ फेब्रुवारी

आज तर कमाल झाली. दुपारी बाबा स्टुडिओत हजर. कोट घातलेला, केस नीट बसवलेले.

"माझा एक चांगला फोटो काढून दे. मोठा."

"आता हे काय?"

"असावा घरात एखादा. बरा दिसतोय तोवर."

टाचेचा काढू देत नाहीत आणि तोंडाचा मोठा हवा! बरं, काढायचा तर काढायचा. दिवे लावले, पडदा बदलला, खुर्चीत बसवलं. आणि हे चेहरा असा करून बसले की जणू मी त्यांचा दात उपटणार आहे.

"जरा हसा की बाबा."

"नको. हसरा चांगला नाही दिसत तिथे."

"कुठे?"

"भिंतीवर गं."

मी हट्टाने एक हसरा घेतला, एक गंभीर घेतला. त्यांनी गंभीरच निवडला. चौकटही स्वतः निवडली, साधी, काळी. मला वाटतं तलावाच्या कचेरीत लावायचा बेत असेल, तिथे सगळ्या जुन्या प्रशिक्षकांचे आहेत. या वयात माणसाला हौस सुचते ती अशी. गालावरचा चट्टा काढू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. मीच आहे हे कळायला हवं."

दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, ती तोंड वाकडं करून गेली.

२४ फेब्रुवारी

सकाळी तलावावरून फोन. तिथले दुसरे प्रशिक्षक बोलत होते. "वहिनी, जरा या. मास्तरांच्या पायातून रक्त येतंय आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत."

स्टुडिओला कुलूप घातलं आणि धावले. बाबा तलावाच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. पायात रबरी बूट. बुटातून फरशीवर लाल ओघळ. पाण्यातली पोरं काठाला धरून टकमक बघत होती.

"घसरलो जरासा," बाबा म्हणाले.

"घसरले नाहीत," दुसरे प्रशिक्षक म्हणाले. "नुसते उभे होते. आणि वहिनी, तुम्हाला माहीत असेलच, मास्तर कितीतरी दिवसांत पाण्यात उतरलेलेच नाहीत. काठावरूनच शिकवतात. बूट घालून."

मला माहीत नव्हतं. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं!

मग माझा तोल गेला. सगळ्या पोरांसमोर, त्यांच्या आयांसमोर मी ओरडले. "का नाही उतरत? पाय बरा आहे ना तुमचा? झकास आहे ना? मग उतरा की पाण्यात!"

 बाबा खाली बघून हळूच म्हणाले, "लोकांची पोरं असतात गं पाण्यात. मला काय झालंय ते कुठे माहीत आहे? त्यांना माझं लागलं तर?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कुरूप नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि माझ्याशी मात्र मोज्यांचा खेळ चालू होता. मला रडायला आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग. मी म्हटलं, "असं कोणाला लागत नाही ते. चला आता."

या वेळी ते उठले. दुसऱ्या प्रशिक्षकांच्या खांद्यावर हात टाकून रिक्षापर्यंत आले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "दुपारची तुकडी तुम्ही घ्या."

२५ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या असतील. आधी जखम साफ केली, मग हातात धरायचं, दिवा असलेलं भिंग घेऊन जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि बाबांची टाच स्वतःच्या गुडघ्यावर घेतली. बाबा संकोचाने अर्धे झाले.

त्यांनी मलाही भिंगातून दाखवलं. "बोटांच्या ठशासारख्या रेषा तळव्यावरही असतात. साध्या तिळाचा रंग बहुतेक रेषांमधल्या खाचांत बसतो. हा बघा, उंचवट्यांवर चढलाय. आणि इकडे पसरलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुकडा काढून तपासायचा. त्याआधी मी काहीच ठरवणार नाही. कधीपासून आहे?"

मी तोंड उघडलं होतं, पण बाबाच बोलले. "ठिपका होता तो दोन वर्षांपासून. वाढायला लागला मागच्या पावसाळ्यात."

मागच्या पावसाळ्यात! मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे बघत होते.

तुकडा काढला. टाके पडले. कुरपाच्या पट्टीचं सांगितलं तर बाईंनी कपाळाला हात लावला, पण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत. मी मनात भरपूर ठेवली.

येताना रिक्षात विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"पाय कापतील वाटलं. पायाशिवाय मी काय करणार? पाण्याबाहेर मला काय येतं?"

आणि थोड्या वेळाने, "तुझा स्टुडिओही नुकताच सुरू झालेला."

स्टुडिओचा काय संबंध? या घरात कोणालाच सरळ उत्तर देता येत नाही.

९ मार्च

रिपोर्ट नाही. रोज फोन करते. प्रयोगशाळेतला माणूस म्हणतो, "विभागाला विचारा." विभाग म्हणतो, "प्रयोगशाळेला विचारा." आज स्वतः गेले. खिडकीतल्या बाईंनी न बघताच सांगितलं की "आलेला नाही." मी तिथेच उभी राहिले. मागच्या लोकांनी कुरकुर केली, तरी हलले नाही. मग त्यांनी ट्रे ओढला आणि रिपोर्ट त्यातच होता, दुसऱ्या कोणाच्या पाकिटाला चिकटून. वर तारीख तीन दिवसांपूर्वीची!

वाचायचं धाडस झालं नाही. तसाच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

मेलानोमा. तिळाच्या रंगाच्या पेशींचा कर्करोग. बाई म्हणाल्या, खोली फार नाही, एका मिलिमीटरहून थोडी जास्त. पाय कापायचा नाही. डागाभोवतीची कातडी रुंद काढायची, मांडीची कातडी तिथे लावायची, आणि जांघेतली, प्रत्येकाला असते ती, लसिका गाठ तपासायची, तिथवर गेलाय का बघायला. "अजून सहा महिने गेले असते तर मी इतकं सरळ बोलू शकले नसते."

बाबांना घरी येऊन सांगितलं. मी शब्द जुळवत होते, तर तेच म्हणाले, "पाय राहणार ना?"

"राहणार."

"मग चेहरा असा का केलायस?" आणि मला चहा करून दिला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

१० मार्च

नवऱ्याला सांगितलं. आधी रिपोर्ट दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?"

फोन भिंतीवर फेकला असता, पण नवीन आहे.

नंतर बाबांनी घेतला. मला त्यांचंच बोलणं ऐकू आलं. "सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तरी इथे काही अडत नाही. ती आहे ना."

हेच खटकतं मला. सगळं हिच्यावर टाकलं की झालं! ती आहे ना!

२१ मार्च

ऑपरेशन झालं. चार ओळींच्या पलीकडे लिहायची ताकद नाही. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई सबंध वेळ कोणाला तरी फोनवर पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे ते सांगत होती. मला तिचा राग आला आणि आधारही वाटला. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिला हात पायाकडे नेला. आहे की नाही बघायला. मी म्हटलं, "आहे, दोन्ही आहेत." मग झोपले.

२ एप्रिल

गाठ स्वच्छ. पुढे गेलेला नाही.

मी खिडकीपाशी उभी राहून चक्क हसत होते, तर नर्स म्हणाली, "अहो, रस्ता सोडा."

आता टाचेवर भार द्यायचा नाही, कुबड्या घ्यायच्या. बाबांसारखा वाईट रुग्ण जगात नसेल. कुबड्या उंच आहेत, मग बुटक्या आहेत, मग त्यांचं रबर घसरतं. ज्या माणसाने शेकडो पोरांना "घाबरू नका, अंग सैल सोडा" सांगितलं, तो न्हाणीघरात जाताना अंग ताठ करून माझ्या दंडात बोटं रुतवतो. दंडावर निळं झालंय. मीही आज ओरडले, "अंग सैल सोडा!" ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि खो-खो हसले. मला तेव्हा हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय.

२८ एप्रिल

नवरा आला. दहा दिवसांची रजा. बापाला मिठी मारून रडला, ते बरं वाटलं. मग बॅगेतून बापासाठी काय काढलं? सहा जोड मोजे. मी आत जाऊन उशीत तोंड घातलं. हसत होते की रडत होते, मलाच कळलं नाही.

संध्याकाळी म्हणाला, "ऑपरेशन झालं, गाठ स्वच्छ आहे. तरी तू इतकी चिडलेली का असतेस?"

मी उठले. पाणी जात होतं, मोटर सुरू करायची होती. तो मागे आला आणि पंपाजवळ उभा राहिला. "यातलं काय दाबायचं?" मी दाखवलं.

१६ मे

नवरा गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की आता दर महिन्याला बाबांचं सबंध अंग तपासायचं. पाठ, मान, कानांच्या मागे, डोक्यावर केस विंचरून, नखं, तळवे, बोटांच्या बेचक्या. नवीन काही आलं का, जुनं काही बदललं का. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून घरातलं कोणीतरी हवं.

घरातलं कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको.

पहिल्यांदा आज केलं. ते बनियन काढून खिडकीकडे तोंड करून बसले, मी मागे टॉर्च घेऊन. दोघांनाही कुठे बघावं कळेना. मग मी कॅमेरा आणला. कॅमेरा हातात आल्यावर सोपं झालं. मोजपट्टी शेजारी धरून प्रत्येक तिळाचा फोटो काढला. पाठीवर किती तीळ आहेत! आयुष्यभर उन्हात उघडी असलेली पाठ. एकही पुसायचा नाही, सगळे जसेच्या तसे ठेवायचे. माझ्या धंद्याच्या हे अगदी उलट.

"काही नाही ना?" असं प्रत्येक फोटोनंतर विचारत होते.

"नाही. हलू नका."

१० जून

बाबांना अजून तलावावर जाता येत नाही. काठी घेऊन स्टुडिओत येऊन बसतात. "घरी भिंती खायला उठतात," म्हणे. बसावं, माझी ना नाही. पण गप्प बसावं ना!

आज एका गृहस्थांना म्हणाले, "मानेवरचा तीळ कधीपासून आहे? वाढलाय का? त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा." ते फक्त ओळखपत्राच्या फोटोला आले होते. मग एका नवरीला, जिला गालावरचा तीळ फोटोतून काढायचा होता, "फोटोतून काढ, पण आधी दाखवून घे." तिची सासू उठूनच उभी राहिली. मी मध्ये पडून सावरलं.

संध्याकाळी सांगितलं, "बाबा, माझी गिऱ्हाइकं पळवू नका."

"तू नाही का मला पळवलंस? तलावावरून, सगळ्यांच्या समोर?"



१७ जून

महिन्याची तपासणी झाली. टाच छान भरतेय. मी टॉर्च विझवला तर म्हणाले, "आता तुझे पाय दाखव."

"माझे? कशाला?"

"कोण बघतं तुझे?"

"बाबा, तुमच्यासमोर मी पाय कसे करू?"

"आणि तू माझे महिनोन्‌महिने हातात घेतेस ते? कर पुढे."

स्टुलावर पाय ठेवला. टाचांना भेगा, बोटांना धूळ, मला मेल्याहून मेल्यासारखं. त्यांनी चष्मा लावला, टॉर्च धरला. टाच बघितली, तळवा बघितला, मग एकेक बोट बाजूला करून बघायला लागले. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये थांबले.

"हा कधीपासून आहे?"

"काय?"

"तीळ."

मला ठाऊकच नव्हतं. पाय उचलून, वाकून, आरसा धरून बघितला. आहे खरा. तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढा. या पायावर मी जन्मभर चालतेय.

"जन्मापासूनच असेल," मी म्हटलं.

"तुला काय माहीत? आत्ता तर पाहिलास."

"साधा आहे हो."

"उद्याच बाईंना दाखवू."

उद्या? उद्या माझ्याकडे सबंध शाळेचे फोटो आहेत. या महिन्यात तर श्वास घ्यायला फुरसत नाही. बघू पुढच्या महिन्यात. असल्या बारीकसारीक गोष्टींना घाबरत बसलं तर धंदा कोण करणार? बाबांचं झालं म्हणून आता सगळ्यांचं होतं की काय!

२६ जून

रोज सकाळी एकच प्रश्न. "कधी जायचं?" मी चपला सोडून बंद बूट वापरायला लागलेय, म्हणजे निदान जेवताना माझ्या पायाकडे टक लावून बसणार नाहीत. जीव नकोसा केलाय.

३ जुलै

आज त्यांनी हद्द केली. मी आत प्रिंट काढत होते, बाहेर आले तर स्टुडिओची पाटी उलटी फिरवलेली, "बंद आहे". दारात रिक्षा. बाबा काठी टेकून उंबऱ्यावर उभे.

"चल."

"बाबा, चार लोक यायचे आहेत!"

"त्यांना फोन केलाय मी. उद्या येतील."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं. रोज विचारलं."

भांडायला तोंड उघडलं तर समोरच्या दुकानातले सगळे बघत होते. मुकाट्याने बसले.  दवाखान्यात बाकावर मी फोनवर राहिलेल्या कामांची यादी करत बसले. बाबा शेजारी, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. आत बोलावल्यावर मी म्हटलं, बाहेरच थांबा. ते थांबले.

बाईंनी भिंग लावलं. बघितलं, फिरवून बघितलं. "रंग सगळा खाचांत आहे, कडा सरळ, एकच रंग. साधा तीळ आहे. फोटो काढून ठेवा, बदलला तर या." पाच मिनिटं. पाच मिनिटांसाठी अख्खी दुपार!

बाहेर येऊन मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "साधा आहे. म्हटलं नव्हतं?"

बाबांनी मान हलवली. उठायला गेले आणि उठताच आलं नाही त्यांना. पुन्हा बसले. चष्मा काढला आणि तोंडावर हात धरून रडायलाच लागले, खांदे हलवत, लहान पोरासारखे. स्वतःचा रिपोर्ट आला तेव्हा या माणसाने मला चहा करून दिला होता. आणि आज, काहीही झालेलं नसताना, सगळ्या बाकांसमोर. लोक बघायला लागले. एका बाईने तर हळूच माझा हात दाबला, तिला वाटलं वाईट बातमी आहे.

"अहो बाबा, साधा आहे म्हणाल्या," मी परत सांगितलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून. त्यांनी नुसता माझा हात धरला.  त्यांची काठी घसरत होती ती धरली आणि शेजारी बसून राहिले.

स्टुडिओ उघडायला संध्याकाळ झाली. तोवर एक गिऱ्हाईक येऊन गेलंच होतं.